न वाजणारा जोड

तात्यांनी चप्पल आधी उलटी केली. वरची वेणी, लाल गोंडा, बारीक नक्षी, ज्याच्याकडे गिऱ्हाईक सगळ्यात आधी बघतं, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तळ डोळ्यांजवळ नेला, कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाले,

"मुरली, ही कुणासाठी केलीस?"

"गिऱ्हाइकासाठी, तात्या."

"त्यानं तुझं काय वाईट केलंय?"

मुरलीअण्णा हसले. त्यांनी ती चप्पल घेतली, मागे ठेवली आणि दुसरा जोड पुढे केला. तात्या म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरातल्या त्या चप्पल गल्लीत ते लग्नाआधीपासून एकाच दुकानात जात. आधी मुरलीअण्णांच्या वडिलांकडे, मग अण्णांकडे. दोघांचं हे भांडण पिढीजात होतं आणि दोघांनाही त्यात गोडी होती.

मी भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. पायाशी चटईवर जुई. अण्णांनी तिच्यापुढे कातड्याच्या कातरणांचा ढीग टाकला होता आणि ती एकेक पट्टी उचलून दुसरीवर नीट ठेवत होती. तिची पाठ दुकानाच्या मधल्या फरशीकडे होती. तिला तसं मीच बसवलं होतं.

"हे बघ, विभा," तात्या म्हणाले. शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "कड बघ. कापलेल्या कडेला तंतू दिसले पाहिजेत, उसाच्या चोयटीसारखे. इथं कड गुळगुळीत आहे, वरनं रंग मारलाय. म्हणजे मधे पुठ्ठा भरलाय. पहिल्या पावसात याची भाकरी होते."

"पुठ्ठा माझ्याकडं नसतो, तात्या. ती बाहेरनं आलेली जोडी हाय," अण्णा म्हणाले.

"मग बाहेरच ठेवायचीस."

तात्यांचं आयुष्य गुळाच्या पेठेत गेलं होतं. एका अडत्याकडे ते माल पारखायला होते. ढेपेला टिचकी मारायची, कोपरा फोडायचा, जिभेवर कण ठेवायचा, की हा गूळ नदीकाठच्या कुठल्या मळीच्या रानातला आणि भट्टीवर किती ताणला ते सांगायचे. पेठ सुटली तरी पारख सुटली नाही. वांगी, डॉक्टर, लग्नाला आलेली स्थळं, सगळं त्यांच्या अंगठ्याखालून जायचं. त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. मनात भरलेल्या मालात खोट आधी शोधायची. न आवडलेल्याची आपोआप दिसते.

जुई दीड वर्षाची होती आणि मला वाटत होतं की तिला ऐकू येत नाही.

वाटत होतं म्हणजे मी बघत होते. तिच्या पाठीमागे वाटी पाडली तरी ती वळायची नाही. कुकरची शिट्टी झाली की शेजारची तिच्याच वयाची पोर दचकायची, ही खेळत राहायची. झोपलेली असताना दारात बँडची वरात थांबली, तरी पापणी हलली नाही. मी हाक मारायचे आणि मग तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे, तेव्हा ती इतकी गोड हसायची की बघणाऱ्याला वाटावं हाकेलाच हसली. "आई" नाही, "बाबा" नाही. नुसते आवाज, तेही हळूहळू कमी होत चाललेले.

सासूबाईंना आम्ही माई म्हणायचो. माई म्हणायच्या, "यांच्या थोरल्या बहिणीचा पोरगा चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता. आता वकील आहे, गप करावं लागतं. पुस्तकं वाचून लेकरात खोट काढू नये." जुईचे बाबा तेव्हा नगरकडच्या साखर कारखान्यावर. महिन्यातून एकदा यायचे. फोनवर म्हणायचे, तात्यांना विचार. आणि तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"ऐकू येत नाही, तर माझी चप्पल बरी ऐकू येते तिला?"

आणि ते खरं होतं. आमचं घर एका लांब बोळाच्या टोकाला. तात्यांची चप्पल कर्रकर्र वाजायची. ते बोळाच्या तोंडाशी आले की घराला कळायचं. माई हातातलं ठेवून उठायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, पाण्याचा तांब्या भरायला घ्यायच्या. मी चहाचं आधण ठेवायला आत जायचे. आणि तात्या उंबऱ्यात येऊन पोचेपर्यंत जुई दाराकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून तयार असायची. एकदा नाही, रोज.

"बाकीच्यांचं ऐकण्यासारखं काय असतं या घरात?" तिला उचलून तात्या म्हणायचे. सगळे हसायचे. मिरजेला कानाचे एक डॉक्टर होते, त्यांचा विषय तिथेच मिटायचा.

पुतण्याच्या लग्नासाठी तात्यांना नवा जोड घ्यायचा होता. ते कुणाला बरोबर न्यायचे नाहीत. "मीपण येते, जुईला बूट बघायचेत," असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एवढ्या पायाला कातडं घालत नाहीत. टोचतं. पण ये."

अण्णांनी आता चार-पाच जोड ओळीनं मांडले. तात्या मांडी घालून बसले. एक चप्पल घेऊन तिचा तळ त्यांनी दोन्ही हातांनी वाकवला आणि सोडला. वाकताना कातड्यावर बारीक सुरकुत्या आल्या, सोडल्यावर हळूहळू गेल्या.

"सुरकुती आली पाहिजे आणि गेली पाहिजे. आलीच नाही तर ते कातडं नव्हे. आली आणि पांढरी रेघ ठेवून गेली तर कातडं तहानलेलं आहे, फुटणार." त्यांनी चप्पल माझ्या नाकाशी धरली. "वास घे."

ओल्या लाकडासारखा, थोडा तुरट वास होता.

"बाभळीची साल आणि हिरडा. औषधाच्या दुकानासारखा वास आला तर हात लावायचा नाही. आता दोन्ही पाय शेजारी धर. रंग बघ. एक पाय पाठीच्या कातड्याचा आणि एक पोटाच्या कातड्याचा असला, तर सहा महिन्यांत एक चप्पल ढिली होते आणि माणूस उगीच लंगडतो."

"तात्या," अण्णा म्हणाले, "मुलगी बघायला गेला हुतासा, तवा तरी एवढं बघितलं हुतं का?"

"मुलगी बघायला आमचे वडील गेले होते. मला म्हणाले, तू नको येऊ, तू खोट काढशील."

"आणि मग?"

"मग काय. त्यांनाही नव्हती दिसली, मलाही नाही दिसली." तात्या चप्पल खाली ठेवत म्हणाले. "हे माईला सांगू नको, विभा."

मीही एक जोड हातात घेतला होता. माझी नजर लगेच खरवडलेल्या जागी गेली. डाव्या चप्पलेच्या पट्ट्यावर बोटभर लांबीचा एक फिका ओरखडा होता. मी तो तात्यांना दाखवला. मला वाटलं शाबासकी मिळेल.

"ती खोट नव्हे," तात्या म्हणाले. "जितेपणी म्हैस काटेरी कुंपणात घुसली असेल. जखम भरली, खूण राहिली. डाग नसलेलं कातडं कारखान्यात जन्माला येतं. बाजूला ठेव तो जोड." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "पण हे गिऱ्हाइकाला पटत नसेल."

"कुठलं पटायला. सहा महिने पडून हाय."

बाकीच्यांतले दोन जोड तात्यांनी निवडले. आता शेवटची परीक्षा, चालून बघायची. त्यांनी त्यांतला एक पायात घातला, धोतर जरा वर धरलं आणि मधल्या फरशीवर चालू लागले. दगडी फरशी होती. कर्र, कर्र, कर्र. आवाज खणखणीत होता. उंबऱ्यावर अण्णांचं मांजर झोपलं होतं, त्यानं मान वर केली. दुकानात नुकत्याच शिरलेल्या एका बाईंनी वळून बघितलं. तात्या जुईच्या पाठीमागून एका टोकाला गेले आणि परत आले.

जुई पट्टीवर पट्टी ठेवत होती.

तात्या थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी आधी मांजराकडे बघितलं. मग जुईच्या पाठीकडे.

"खेळात आहे," ते म्हणाले.



ते पुन्हा टोकापर्यंत जाऊन आले. या वेळी टाच जरा जोरात टेकवत. मांजर उठून बाहेर गेलं.

"दुसरा दे रे."

अण्णांनी दुसरा दिला. तात्यांनी तो ना उलटा केला, ना वास घेतला. पायात घातला आणि चालले. गेले, आले.

"याच्याहून वाजणारा आहे?"

"आहे की. पण तात्या, आवाजावर जाऊ नका. तुम्हाला मी सांगायला पायजे व्हय? तळाच्या दोन थरांत आम्ही बी घालतो, एका झुडपाचं. ते वाजतं. कातड्याचा आणि आवाजाचा काय संबंध न्हाई. वाजतं ते अस्सल, हे लोकांनी ठरवलंय."

"माहीत आहे. तू दे."

अण्णा माझ्याकडे बघून जरा हसले, म्हातारा आज हट्टाला पेटलाय असं. मग त्यांनी वरच्या फळीवरून एक जाड जोड काढला. "हा बघा. एका पुढाऱ्यानं करून घेतला आणि न्यायला आलाच न्हाई. आधी चप्पल गावात पोचती, मागनं पुढारी."

तात्या हसले नाहीत. त्यांनी तो जोड घातला. तळ इतका जाड होता की त्यांची उंची वाढल्यासारखी वाटली. ते दाराशी गेले, वळले आणि जुईच्या पाठीच्या रोखानं चालत आले. अगदी हळू. प्रत्येक पावलाला करकरीचा आवाज पूर्ण संपू देत. समोरच्या दुकानातला माणूस बघायला लागला. आलेल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

मी बाकाची कड धरून बसले होते. जुईच्या अंगाला मी हात लावला नाही. माझा चेहरा तिला दिसत होता, तोही मी हलू दिला नाही. ती अधूनमधून माझ्याकडे बघायची, पट्टी दाखवायची, पुन्हा कामाला लागायची.

तात्या तिच्या मागे हातभरावर येऊन उभे राहिले. उभ्या जागी त्यांनी भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकला. कर्र. पुन्हा. कर्र.

मग ते किंचित पुढे वाकले. दारातल्या उन्हानं त्यांची सावली चटईवर, कातरणांवर पडली. जुईनं सावलीकडे बघितलं, गर्रकन वळली आणि दोन्ही हात वर केले.

तात्यांनी तिला उचललं. ती त्यांच्या कानाची पाळी ओढत होती.

"हाच बांधू का?" अण्णांनी विचारलं.

"न वाजणारा आहे?"

"न वाजणारा? तुम्हाला?"

"बी न घातलेला."

अण्णांनी सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली. मग बाजूला ठेवलेला जोड उचलला. "हाच ओरखड्याचा. घेणार कोण म्हणून ह्याच्यात बी घालायची तसदीच घेतली न्हाई. पण लग्नात घालणार न्हवं तुम्ही? लोक म्हणतील, तात्यांनी रेक्झिनची घेतली."

"म्हणू देत."

त्यांनी तो जोड पायात घालून बघितला नाही. कागदात बांधून घेतला. निघताना पायांत आपली जुनीच चप्पल चढवली आणि जुईला कडेवर घेऊन ते पुढे चालू लागले. मी मागून. सबंध रस्ताभर ती कर्रकर्र आमच्या पुढे चालली होती. बोळाच्या तोंडाशी येऊन ते थांबले.

"मग घरी कशी बघते?"

"ठाऊक नाही, तात्या."

"तुझं तर सगळीकडे लक्ष असतं."

"तुमचा आवाज आला की मी चहा ठेवायला आत जाते. तेव्हाचं मला कधी दिसलेलंच नाही."

त्यांनी जुईला माझ्याकडे दिलं. "तुम्ही पुढे व्हा. तिला माईजवळ बसव. मी येतो मागनं. आणि चहा नको."

माई सोप्यात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "झाली खरेदी? हे कुठायत?" मी म्हटलं, येतायत. जुईला त्यांच्यासमोर बसवलं. तिनं लगेच शेंगांची टोपली स्वतःकडे ओढली. दार तिच्या डाव्या हाताला, जरा मागच्या अंगाला येत होतं. मी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिले.

बोळातून आवाज आला. माईंनी मांडीवरची टरफलं झटकली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पदर डोक्यावर सारखा केला आणि तांब्याकडे वळल्या. जुईनं मान वर केली. तिनं माईंच्या हाताकडे बघितलं, पदराकडे बघितलं, आणि मग वळून दाराकडे तोंड करून हात वर केले.

तात्या उंबऱ्याशी उभे होते. त्यांनीही ते बघितलं होतं. जुईचे हात वरच होते, पण तात्या आत आले नाहीत. माईंनी तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"मी परत येतो. या वेळी तू उठायचं नाही."

"म्हणजे?"

"बसून राहा. शेंगा सोल."

"अहो, पण असं काय—"

"बस म्हटलं की."

ते बोळाच्या तोंडापर्यंत गेले. आवाज लांब गेला, थांबला. माई माझ्याकडे बघत खाली बसल्या. हात वर करून थकलेली जुई पुन्हा टोपलीकडे वळली.

आवाज परत येऊ लागला. मला वाटतं, तात्या त्या दिवशी जितके जोरात चालले तितके कधीच चालले नसतील. माईंचा हात आपसूक पदराकडे निघाला. अर्ध्यात त्यांनी तो थांबवला आणि मांडीवर दाबून धरला. एवढ्या वर्षांत त्या आवाजाला त्या पहिल्यांदाच बसून होत्या. त्यांचे गुडघे उठायला धावतायत हे मला लांबून दिसत होतं.

कर्र, कर्र. पायरी. उंबरा.

जुईनं एक शेंग उचलली, टोपलीत टाकली. दुसरी उचलली.

माईंनी तिच्याकडे बघितलं. मग तात्यांकडे. मग पुन्हा तिच्याकडे. मांडीवर दाबलेला हात त्यांनी उचलून जुईच्या डोक्यावर ठेवला, आणि तेव्हा कुठे ती हसून वर बघायला लागली.

तात्यांनी चपला काढल्या. हातातला कागदाचा पुडा कोनाड्यात ठेवला.

"मिरजेचे ते डॉक्टर," त्यांनी मला विचारलं, "कुठल्या वारी असतात?"

"मंगळवारी."

"मग मंगळवारी जायचं. सकाळच्या गाडीनं." पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तू सांगत होतीस."

मी हो म्हटलं. यापलीकडे त्या विषयावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

मिरजेला जे निघायचं ते निघालं. पुढे कानाला यंत्र आलं, शाळा आली, ओठ वाचायला शिकणं आलं. त्यातलं बरंच जुईनं आधीच स्वतःचं स्वतः शिकून ठेवलं होतं, असं तिच्या बाई म्हणाल्या. माणसांकडे ही फार बारकाईनं बघते, कुणी शिकवलं हो हिला? आता ती कपड्यांवरच्या नक्षीचं काम करते आणि आपलं काम स्वतःच नाकारण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

त्या लग्नात तात्या ओरखड्याचाच जोड घालून गेले. लोक काय म्हणाले ते मला माहीत नाही. त्यानंतर त्यांनी वाजणारी चप्पल पायात घातली नाही. घराला त्याची सवय व्हायला वेळ लागला. माई म्हणायच्या, "मांजरासारखे येतात मेले, पदर घ्यायलासुद्धा वेळ देत नाहीत." पुढे पुढे त्यांनी पदराचं सोडूनच दिलं. मीही तात्या आले म्हणून आत जायची थांबले, कारण ते कधी आले हेच कळायचं नाही.

ते उंबऱ्यात येऊन उभे राहायचे. हाक मारायची नाही, खाकरायचं नाही. ज्यांच्या पावलाला आयुष्यभर सगळं घर उठलं, ते जुई खेळातून मान वर करेपर्यंत दारात थांबायचे. कधी ती लगेच बघायची, कधी बराच वेळ नाही. मग तिची मान वर व्हायची, चेहरा उजळायचा. माईंची दाराकडे पाठ असली, तरी हातातलं काम न थांबवता त्या जुईच्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि पाण्याचा तांब्या भरायला घ्यायच्या.